संगणक कधी बदलायचा? धान केंद्र, उत्पादक कंपनी आणि ग्रामसभेसाठी ‘नुकसान पातळी’चा हिशोब

धानाचा पहिला ट्रॅक्टर केंद्राच्या आवारात उभा राहतो, तेव्हा वजनकाट्याइतकेच आणखी एक यंत्र सज्ज असावे लागते. ते म्हणजे टेबलावरचा संगणक. सातबारा, ई-पीक पाहणीची नोंद, आधार, बँक खाते, मोजलेले पोते, काढलेली पावती, सगळे त्यातूनच जाते. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत आता आविका संस्था, शेतकरी उत्पादक कंपन्या, कृषी सेवा केंद्रे आणि तेंदू-बांबूचा व्यवहार स्वतः करणाऱ्या ग्रामसभा, या सर्वांचे काम संगणकावर आले आहे. तरीही पिकाच्या फवारणीचा निर्णय आपण जितक्या काळजीने घेतो, तितक्या काळजीने संगणकाचा निर्णय घेत नाही. एक तर विक्रेता ‘जुना झाला’ म्हणाला की बदलतो, नाही तर तो पूर्ण बंद पडेपर्यंत वाट पाहतो.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये धान पट्ट्यातील एका संस्थेच्या कार्यालयात मी प्रात्यक्षिकाच्या कामासाठी गेलो होतो. त्याच सकाळी संगणकाची हार्ड डिस्क बसली. सभासदांची यादी, मागच्या हंगामाच्या पावत्या, हिशोब, सगळे त्याच एका डिस्कवर होते. शेतकऱ्यांना कागदपत्रे घेऊन पुन्हा बोलवावे लागले. काही जण कंटाळले आणि हमीभावापेक्षा कमी दराने खासगी व्यापाऱ्याला धान देऊन मोकळे झाले. तो संगणक दिवाळीच्या आधीपासून ‘कटकट’ आवाज करत होता आणि हे कार्यालयातल्या प्रत्येकाला माहीत होते. बदलायचा कधी, एवढेच कोणी ठरवले नव्हते.

या लेखात तेच ठरवण्याची पद्धत दिली आहे. पद्धत नवीन नाही. धानावरील किडीसाठी आपण जी वापरतो, तीच आहे.

किडीचा नियम संगणकालाही लागू

एक पतंग दिसला म्हणून आपण फवारणी करत नाही. खोडकिडीसाठी ५ टक्के कीडग्रस्त फुटवे, तुडतुड्यांसाठी प्रति चूड साधारण १० तुडतुडे, अशी आर्थिक नुकसानीची पातळी ठरलेली असते. त्या पातळीखाली फवारणीचा खर्च किडीच्या नुकसानीपेक्षा जास्त होतो आणि त्या पातळीनंतर थांबलो तर पीक हातचे जाते. पातळी आधी ठरलेली असते, बांधीत उतरून मोजणी होते आणि मग निर्णय होतो.

संगणकाबाबतही तीनच गोष्टी करायच्या आहेत. रोग नेमका ओळखायचा, मोजणी ठेवायची आणि पातळी ओलांडली की योग्य हंगामात बदल करायचा.

आधी रोग ओळखा: खैऱ्यावर बुरशीनाशक नको

धानाच्या पानांवर तांबूस-तपकिरी ठिपके दिसले की अनेकजण बुरशीनाशक घेऊन येतात. प्रत्यक्षात तो जस्ताच्या कमतरतेमुळे येणारा खैरा असतो. जमिनीला झिंक सल्फेट हवे असते आणि आपण फवारणीवर पैसे घालतो. ‘संगणक चालत नाही’ या तक्रारीतही असेच होते. नवीन यंत्राचा विचार करण्याआधी पुढील पाच गोष्टी तपासून घ्याव्यात.

१) इंटरनेट की संगणक? संकेतस्थळ उघडत नसेल तर त्याच वेळी, त्याच नेटवर्कवर मोबाईलमध्ये उघडून पाहा. मोबाईलवरही अडकत असेल तर दोष नेटचा किंवा त्या पोर्टलचा आहे. नोंदणीच्या शेवटच्या दिवसांत पोर्टलवर गर्दी असते. अशा वेळी पन्नास हजारांचा नवा संगणकही तेवढाच थांबेल.

२) तारीख-वेळ बरोबर आहे का? संगणक सुरू करताच तारीख काही वर्षे मागे गेलेली दिसते आणि सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत, असे असेल तर मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपलेला आहे. बहुतेक डेस्कटॉपमध्ये तो सीआर २०३२ या नावाने मिळतो. सेल बदलणे हे किरकोळ खर्चाचे काम आहे.

३) जागा शिल्लक आहे का? ‘सी’ ड्राइव्ह भरत आला की ऑपरेटिंग सिस्टीमला अपडेट घ्यायलाही जागा उरत नाही. किमान १५ ते २० टक्के जागा मोकळी ठेवावी. डाउनलोडमध्ये साठलेले सातबारे आणि लग्नाचे व्हिडिओ आधी हलवावेत.

४) धूळ आणि उष्णता. गोदामाला लागून असलेल्या खोलीत धानाचा कोंडा आणि धूळ पंख्यात अडकते. पंखा अडला की प्रोसेसर तापतो आणि स्वतःचा वेग कमी करतो. पेटी उघडून, वीज काढून, हवेने किंवा मऊ ब्रशने वर्षातून दोनदा सफाई करावी. ही सफाई हंगामापूर्वी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा करावी.

५) वीज. कमी दाबामुळे मध्येच बंद पडणारा संगणक आपण ‘बिघडला’ म्हणतो. यूपीएसची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत थकते. वीज गेल्यावर यूपीएस पाच मिनिटेही धरत नसेल तर आधी बॅटरी बदला. अर्थिंग तपासून घ्या. विजा कडाडत असताना केवळ बटण बंद करून भागत नाही, प्लग आणि नेटची केबल दोन्ही काढावीत.

या पाच तपासण्या करूनही त्रास उरला, तरच पुढे जावे.

यंत्राचे वय वेगळे, सिस्टीमची मुदत वेगळी

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. संगणकाला दोन वेगवेगळी आयुष्ये असतात.

पहिले यंत्राचे. डिस्क, पंखा, वीजपुरवठा, कीबोर्ड हे भाग झिजतात. ही झीज हळूहळू होते आणि भाग बदलून काम भागते.

दुसरे ऑपरेटिंग सिस्टीमचे, म्हणजे विंडोजसारख्या मूळ प्रणालीचे. ती झिजत नाही, पण तिला मुदत असते. कंपनी काही वर्षे सुरक्षा दुरुस्त्या देते आणि एका जाहीर तारखेला थांबते. बियाण्याच्या पिशवीवरच्या वैध मुदतीसारखेच हे आहे. मुदत संपल्यावरही बियाणे तसेच दिसते, पण भरवसा राहत नाही.

विंडोज ७ ची मुदत १४ जानेवारी २०२० रोजी, विंडोज ८.१ ची १० जानेवारी २०२३ रोजी आणि विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. ऑफिस २०१६ आणि २०१९ यांचीही मुदत त्याच १४ ऑक्टोबर २०२५ च्या दिवशी संपली. आपल्याकडील कार्यालयांत आजही विंडोज १० चे अनेक संगणक चालू आहेत. ते उद्या बंद पडणार नाहीत. धोका वेगळा आहे.

नवीन त्रुटी सापडत राहतात, पण त्यांच्या दुरुस्त्या येणे थांबते. मे २०१७ मधला ‘वॉनाक्राय’ हल्ला आठवा. संगणकातील फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा हा प्रोग्राम सुमारे दीडशे देशांत पसरला. आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणकही त्यात अडकले. त्या त्रुटीची दुरुस्ती कंपनीने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिलेली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती आणि ज्यांच्या जुन्या सिस्टीमला ती मिळतच नव्हती, ते सापडले. आपल्या संगणकात शेकडो शेतकऱ्यांचे आधार क्रमांक, बँक खाती आणि सातबारे असतात. ते आपले नाहीत, शेतकऱ्यांनी विश्वासाने दिलेले आहेत.

दुसरा परिणाम हळू येतो. सिस्टीम जुनी झाली की काही काळाने ब्राउझर तिला सोडतो. क्रोमने फेब्रुवारी २०२३ मध्ये विंडोज ७ आणि ८.१ साठी नवी आवृत्ती देणे थांबवले. जुन्या ब्राउझरवर नवी पोर्टले नीट उघडत नाहीत आणि मग ऐन गर्दीत ‘बटणच दिसत नाही’ अशी तक्रार येते.

आपला संगणक विंडोज ११ ला पात्र आहे का?

संगणकात परवानाधारक विंडोज १० असेल आणि यंत्र पात्र असेल, तर विंडोज ११ मोफत मिळते. पात्रतेच्या मुख्य अटी अशा आहेत:

• प्रोसेसर कंपनीच्या मान्य यादीत असावा. ढोबळमानाने इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढील, अथवा एएमडी रायझन २००० मालिका किंवा त्यापुढील.
• किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण. प्रत्यक्ष कामासाठी ८ जीबी रॅम आणि एसएसडी हवीच.
• टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि सिक्युअर बूटची सोय.

हे तपासण्यासाठी कंपनीचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत साधन आहे. काही यंत्रांत टीपीएम चिप असते, पण सेटिंगमध्ये बंद ठेवलेली असते. त्यामुळे ‘अपात्र’ असा निकाल आला तर कारण वाचा. कारण फक्त टीपीएम असेल तर तंत्रज्ञाकडून ते चालू करून पुन्हा तपासा. कारण प्रोसेसर असेल तर उपाय नाही.

अपात्र यंत्रावर विंडोज ११ बसवण्याचे जुगाड व्हिडिओंमध्ये दाखवतात. अशा यंत्राला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. हिशोबाच्या आणि नोंदणीच्या संगणकावर हा प्रयोग करू नये.

विंडोज १० वरच राहायचे असेल तर कंपनीने सशुल्क जादा मुदत ठेवली आहे. संस्था-व्यवसायांसाठी पहिल्या वर्षाचा दर प्रति संगणक ६१ डॉलर आहे, तो दर वर्षी दुप्पट होतो आणि जास्तीत जास्त तीन वर्षे मिळतो. दुसऱ्या वर्षी सामील झालात तरी पहिल्या वर्षाचे पैसे द्यावे लागतात. तीन वर्षांचे मिळून ४२७ डॉलर होतात. म्हणजे ही सोय एखादा हंगाम निभावून नेण्यासाठी आहे, कायमची नाही.

मोजणी ठेवा: बिघाड वही

खरेदी केंद्रावर एक शंभर पानी वही ठेवा. संगणकामुळे काम थांबले की एक ओळ लिहा: तारीख, काय झाले, किती वेळ गेला, किती खर्च आला. वीज आणि नेटमुळे थांबलेले काम वेगळ्या रकान्यात लिहा, कारण त्याचा दोष यंत्रावर येता कामा नये. एका हंगामात ही वही जे सांगते ते कोणताही विक्रेता सांगू शकत नाही.

माझ्या अनुभवावरून पुढील पातळ्या सुचवतो. आपल्या कामाप्रमाणे त्यात थोडा फरक करता येईल, पण त्या हंगामाआधी ठरवून ठरावात लिहून ठेवाव्यात.

• डिस्कची प्रकृती: ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ या मोफत साधनात डिस्कपुढे ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ दिसले, तर त्याच दिवशी माहितीची प्रत काढा आणि डिस्क बदला. इथे थांबायला जागा नाही.
• वेग: बटण दाबल्यापासून पहिली नोंद घेता येईपर्यंत पाच मिनिटांहून जास्त वेळ रोज लागत असेल, तर भाग बदलण्याची पातळी आली.
• बिघाड: एका हंगामात यंत्राच्या दोषामुळे दोनदा अर्ध्या दिवसाहून जास्त काम थांबले, तर यंत्र बदलण्याची पातळी आली.
• दुरुस्ती: एका वर्षाचा दुरुस्ती खर्च नव्या यंत्राच्या किमतीच्या एक तृतीयांशाहून जास्त झाला, तर पुढची दुरुस्ती नको. विहिरीवरची मोटार तिसऱ्यांदा रिवाइंड करताना आपण हाच विचार करतो.
• मुदत: सिस्टीमची सुरक्षा मुदत संपली आणि त्याच संगणकावर बँकेचे व्यवहार, डिजिटल स्वाक्षरी किंवा शेतकऱ्यांची नोंदणी होते, तर ही एकच गोष्ट पुरेशी आहे. बाकी सगळे ठीक असले तरी बदलाची तारीख ठरवा.

अंतर वाढले की पातळी खाली येते. ब्रह्मपुरी, वडसा किंवा मूलमध्ये तंत्रज्ञ त्याच दिवशी मिळू शकतो. सिरोंचा, एटापल्ली, भामरागडहून यंत्र गडचिरोली किंवा चंद्रपूरला नेऊन आणण्यात दोन-तीन दिवस जातात आणि पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. अशा ठिकाणी पहिल्या मोठ्या बिघाडालाच बदल करणे शहाणपणाचे ठरते. तिथे डेस्कटॉपपेक्षा लॅपटॉप बरा, कारण वीज गेल्यावर त्याची बॅटरी काही तास तरी साथ देते.

हिशोब करून पाहू

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या वहीतले आकडे त्यात घाला.

समजा, संथ संगणकामुळे रोज ४५ मिनिटे वाया जातात. खरीप खरेदीचे ६० दिवस धरले तर ४५ तास आणि रब्बी खरेदीचे ४० दिवस धरले तर ३० तास, एकूण ७५ तास. ऑपरेटरचे मानधन महिना १२,००० रुपये असेल, तर २६ दिवस आणि रोज ८ तास याप्रमाणे एका तासाचे सुमारे ५८ रुपये पडतात. म्हणजे वर्षाचे नुकसान साधारण ४,३५० रुपये.

जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवण्याचे कोटेशन मजुरीसह ४,००० रुपये आले, तर तो खर्च एका वर्षात निघतो. हे करावे. पण नवा संगणक, यूपीएस आणि परवान्यासह ६०,००० रुपयांचा संच पाच वर्षे चालला, तर वर्षाला १२,००० रुपये पडतात. म्हणजे केवळ संथपणासाठी नवा संगणक परवडत नाही.

आता बिघाडाचा हिशोब जोडू. भर हंगामात संगणक तीन दिवस बंद राहिला, रोज १५ ट्रॅक्टर खोळंबले आणि प्रत्येकाचे थांबण्याचे ८०० रुपये धरले, तर ३६,००० रुपये होतात. असा प्रसंग तीन वर्षांतून एकदा येतो असे धरले तरी वर्षाला १२,००० रुपये पडले. संथपणाचे ४,३५० त्यात मिळवले की १६,३५० रुपये होतात आणि नवा संगणक स्वस्त ठरतो.

इथे एक गोष्ट नीट पाहावी. हे ३६,००० रुपये संस्थेच्या वहीत कुठेच दिसत नाहीत. ते शेतकऱ्यांच्या खिशातून गेलेले असतात. म्हणून संचालक मंडळाच्या बैठकीत ‘आपले काय नुकसान झाले?’ असे विचारले तर उत्तर ‘काही नाही’ असेच येते. बिघाड वहीत खोळंबलेल्या ट्रॅक्टरांचा रकाना त्यासाठीच ठेवायचा.

पैशाची सोयही अशीच लावता येते. वर्षाला ८,००० क्विंटल धान हाताळणाऱ्या केंद्राला १२,००० रुपये म्हणजे क्विंटलमागे दीड रुपया. संस्थेला मिळणाऱ्या उत्पन्नातून तेवढी रक्कम दर वर्षी बाजूला काढली, तर बदलाच्या वेळी कोणाकडे हात पसरावा लागत नाही. कंपनी कायद्याच्या परिशिष्टात संगणकाचे उपयुक्त आयुष्य ३ वर्षे धरले आहे आणि प्राप्तिकरात घसारा ४० टक्के मिळतो. हे आकडे हिशोबासाठी आहेत. तीन वर्षे झाली म्हणून चांगले यंत्र टाकून देण्याची गरज नाही.

चार परिस्थिती, चार निर्णय

१) यंत्र पात्र, प्रकृती ठणठणीत: माहितीची प्रत काढून विंडोज ११ घ्या. नवा खर्च नको.

२) यंत्र पात्र, पण संथ: आधी एसएसडी, रॅम ८ जीबी, मग विंडोज ११. असे यंत्र आणखी तीन-चार वर्षे काम देऊ शकते.

३) यंत्र अपात्र, पण प्रकृती चांगली: बदलाची तारीख ठरवा. तोपर्यंत बँक, डिजिटल स्वाक्षरी आणि नोंदणीची कामे दुसऱ्या सुरक्षित यंत्रावर न्या. दुसरे यंत्र नसेल तर जादा मुदत विकत घेऊन एक हंगाम काढा.

४) यंत्र अपात्र आणि दुखणेकरी: त्यात एक रुपयाही घालू नका. नवे घ्या.

नवे घेताना तीन ठिकाणचे लेखी कोटेशन घ्या आणि बिलावर विंडोजचा परवाना लिहिलेला असावा. ‘विंडोज टाकून देतो’ म्हणजे अनेकदा चोरीची प्रत असते. वापरलेले लॅपटॉप स्वस्तात मिळतात. घ्यायला हरकत नाही, पण आठव्या पिढीच्या आतले यंत्र कितीही स्वस्त असले तरी नको.

विकत घेण्याआधी आणखी एक चौकशी करावी. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला २,५१६ कोटी रुपयांची मंजुरी दिली. आपली संस्था या कामात समाविष्ट आहे का, हे जिल्हा उपनिबंधक कार्यालयात विचारून घ्या.

बदलाचा हंगाम: पोळा ते घटस्थापना

रोवणी चुकीच्या वेळी केली तर चांगले वाणही साथ देत नाही. संगणकाचेही तसेच आहे. आपल्या भागातले वर्ष पाहा. नोव्हेंबरपासून खरीप धान खरेदी. मार्चमध्ये हिशोबाची वर्षअखेर. मे महिन्यात तेंदू संकलन आणि त्याच सुमारास रब्बी धान खरेदी. जून-जुलैमध्ये बियाणे-खतांची गर्दी. मोकळा काळ उरतो तो रोवणी आटोपल्यावर. म्हणून बदल पोळ्यापासून घटस्थापनेपर्यंत करावा. नव्या यंत्रातले दोष कळायला आणि हात बसायला नोव्हेंबरपूर्वी महिनाभर मिळतो. उत्पादक कंपन्यांनी एक सांभाळावे: सप्टेंबरअखेरीस वार्षिक सभा आणि लेखापरीक्षणाची कामे असतात, त्यामुळे लेखापालाला विचारून दिवस ठरवा.

ऐन हंगामात विंडोजचे मोठे अपग्रेड करू नका. फक्त सुरक्षा अपडेट घ्या, तेही काम संपल्यावर संध्याकाळी.

बदलण्याआधी ही यादी करा

नवा संगणक आला आणि जुना काटा जोडलाच जात नाही, असे होते. म्हणून जुना चालू असतानाच पुढील गोष्टी तपासा.

• वजनकाटा: जुने काटे नऊ पिनांच्या सिरीयल पोर्टने जोडलेले असतात. नव्या संगणकात तो पोर्ट बहुधा नसतो. यूएसबी कन्व्हर्टर घेऊन आधी जोडून पाहा.
• प्रिंटर: पावतीच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा ड्रायव्हर विंडोज ११ साठी मिळतो का, हे पाहा.
• बोटांच्या ठशांचे यंत्र आणि डिजिटल स्वाक्षरीचा टोकन: दोन्हींचे सॉफ्टवेअर नव्या सिस्टीमवर चालते का, हे पुरवठादाराकडून लेखी घ्या.
• हिशोबाचे सॉफ्टवेअर: परवाना नव्या यंत्रावर हलवण्याची पद्धत विचारून ठेवा. जुना संगणक पुसल्यावर विचारून उपयोग नाही.
• मराठी फॉन्ट: सभासद यादी कृतीदेव, शिवाजी किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल, तर नव्या संगणकावर ती इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसेल. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा आणि नावे एकेक तपासा. आडनावातील एका काना-मात्रेने बँकेत पैसे अडकतात.
• पासवर्ड: ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड जुन्या ऑपरेटरच्या खात्यात असतात. ते संस्थेच्या ताब्यात घ्या.

माहितीच्या तीन प्रती ठेवाव्यात. एक संगणकात, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक कार्यालयाबाहेर, म्हणजे सचिवांच्या घरी कुलपात किंवा पासवर्ड लावलेल्या ऑनलाइन जागेत. पुढच्या वर्षाचे सगळे बियाणे आपण एकाच कणगीत ठेवत नाही. आणि प्रत काढली एवढ्यावर थांबू नका. दुसऱ्या संगणकावर ती उघडून पाहा. उगवण तपासल्याशिवाय बियाण्यावर जसा विश्वास ठेवत नाही, तसेच हे.

नवा संगणक सुरू झाल्यावर जुना किमान १५ दिवस तसाच ठेवा. राहिलेली एखादी फाइल त्या काळात लक्षात येते.

जुन्या यंत्राचे काय?

प्रकृती चांगली असेल तर त्यावर उबंटू, मिंट किंवा सी-डॅकने विकसित केलेली बॉस ही मोफत लिनक्स प्रणाली टाकता येते. पत्रे लिहिणे, पीक सल्ल्याचे व्हिडिओ दाखवणे, मुलांना टायपिंग शिकवणे, यासाठी ते पुरते. मात्र डिजिटल स्वाक्षरी आणि काही सरकारी कामांची साधने बऱ्याचदा विंडोजवरच चालतात, त्यामुळे मुख्य यंत्र लिनक्सवर नेण्याआधी प्रत्येक काम करून पाहा.

भंगारात देण्यापूर्वी डिस्क काढून घ्या आणि पूर्ण पुसा. ‘डिलीट’ केल्याने माहिती जात नाही. त्या डिस्कवर गावातल्या प्रत्येकाचे आधार आणि खाते क्रमांक आहेत. यंत्र नोंदणीकृत ई-कचरा पुनर्वापर केंद्राकडे द्यावे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत संगणकही येतात.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

कृषी सहायक, आत्माचे कर्मचारी आणि उत्पादक कंपन्यांचे मुख्य कार्यकारी अधिकारी यांनी ऑगस्टच्या भेटीत प्रत्येक संस्थेत चार प्रश्न विचारावेत: कोणते विंडोज आहे? शेवटची प्रत कधी काढली आणि ती उघडून पाहिली का? बिघाड वही आहे का? बदलाची पातळी ठरावात आहे का? या चार उत्तरांवरून नोव्हेंबरमध्ये कोणते केंद्र अडचणीत येईल, याचा अंदाज येतो. लहान ग्रामसभेला प्रत्येक वेळी संगणकच हवा असेही नाही. काम कमी असेल तर शेजारच्या दोन-तीन ग्रामसभांनी मिळून एक चांगला लॅपटॉप आणि एक प्रशिक्षित तरुण किंवा तरुणी, ही व्यवस्था तीन निकृष्ट यंत्रांपेक्षा टिकाऊ ठरते.

थोडक्यात

• आधी नेट, तारीख, जागा, धूळ आणि वीज तपासा.
• यंत्राची झीज आणि सिस्टीमची मुदत वेगवेगळी पाहा.
• बिघाड वही ठेवा, पातळी हंगामाआधी ठरवा.
• शेतकऱ्यांचा खोळंबा हिशोबात धरा.
• बदल पोळा ते घटस्थापना या काळात करा.
• तीन प्रती ठेवा आणि प्रत उघडून पाहा.

संगणक ‘कटकट’ आवाज करू लागला असेल, तर हा लेख वाचून झाल्यावर पहिले काम एकच: आज संध्याकाळी कार्यालय बंद करण्यापूर्वी सभासद यादीची एक प्रत बाहेर काढा. बाकीचा निर्णय त्यानंतर शांतपणे घेता येतो.